मेसेज आला, आता गाडी काढायची का?

रात्री साडेआठची वेळ. भाकरीचा तुकडा हातात असतानाच फोन वाजतो. पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर एक धूसर फोटो आणि खाली ओळ: ‘कडबनवाडीच्या माळावर आखूड कानांचं घुबड. आज संध्याकाळी. पळा.’

आपण बारामतीजवळ पिंपळीत राहतो, त्यामुळे ‘पळा’ म्हटलं की खरंच पळता येतं, हीच खरी अडचण. एका अंगाला भिगवण-कुंभारगावचं उजनीचं पाणी, दुसऱ्या अंगाला सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, मधे शिर्सुफळ आणि कडबनवाडीचे माळ. सगळं तासाभराच्या टप्प्यात. पुण्या-मुंबईचा माणूस निदान प्रवासाच्या कंटाळ्याने दोनदा विचार करतो. आपण चपला पायात सरकवतो आणि निघतो.

पळूच नका असं मी सांगणार नाही. मी स्वतः पळालेलो आहे, अर्धवट चहा सोडून, एकदा तर घरात पाहुणे बसलेले असताना. पण काही वर्षांपूर्वी याच घुबडाच्या मागे जे केलं, त्यानंतर पळण्याची पद्धत बदलली. ते पुढे सांगतो. आधी मेसेजचं बघू.

मेसेज मिळाला की गाडीची किल्ली शोधू नका, तो पुन्हा वाचा. पक्षी कधी दिसला, आज की परवा? नेमका कुठे, आणि बसलेला की उडताना? सांगणाऱ्याने स्वतः पाहिला की त्याच्याकडेही तो फिरतफिरत आला? फोटो कुणाचा आहे? दर हिवाळ्यात दोन-तीन वर्षांपूर्वीचे फोटो नव्या तारखेने फिरतात. त्यात कुणाची लबाडी असतेच असं नाही, उत्साह असतो. माळावरच्या शिकारी पक्ष्यांची ओळख तर भल्याभल्यांना चकवते. माँटेग्यू भोवत्याची मादी आणि पांढुरक्या भोवत्याची मादी दुरून जवळपास जुळ्या बहिणी दिसतात. साध्या खरुचीला, म्हणजे केस्ट्रेललाही, उत्साहाच्या भरात दुर्मीळ ससाणा केलेलं मी पाहिलं आहे. म्हणून मूळ माणसाला सरळ फोन लावा आणि विचारा, ‘तुम्ही काय पाहिलं ते सांगा,’ असं. ‘कोणता पक्षी होता’ असं विचारू नका. तो पंखांचा रंग, उडण्याची ढब, मानेजवळची पट्टी सांगू लागला तर ऐकण्यात अर्थ आहे. ‘ॲपने सांगितलं’ म्हणाला, तर आधी जेवण संपवा.

चुकीच्या नोंदीची किंमत काय असते, याचं मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. वनपिंगळा हे छोटंसं घुबड एकोणिसाव्या शतकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशातून गोळा केलं होतं. १८८४ नंतर ते कुणाला सापडेना. मधे कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन याने १९१४ मध्ये आपण गुजरातेत एक मिळवल्याची नोंद केली होती. पुढे उघड झालं की तो नमुना त्याने संग्रहालयातून चोरलेला जुनाच होता आणि त्यावर खोटं लेबल लावलं होतं. त्या लेबलावर विश्वास ठेवून लोक भलत्या जागी शोधत राहिले. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुन्या नमुन्यांची छाननी केली, खोट्या नोंदी बाजूला काढल्या आणि खऱ्या नोंदींच्या मागावर नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह शहाद्याजवळ पोचल्या. तिथे वनपिंगळा दिवसाउजेडी झाडावर बसलेला मिळाला. एकशे तेरा वर्षांनी! आपल्या मेसेजने शंभर वर्षं वाया जाणार नाहीत हे खरं, पण वीस गाड्यांचा रविवार वाया जातो आणि वीस गाड्या एका माळावर विनाकारण चढतात.

समजा, बातमी पक्की आहे. तरी जावं का, हा प्रश्न उरतोच. तो महिना बघून सोडवायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आलेला पाहुणा बहुतेक थंडी काढायला आलेला असतो, किंवा वाट चुकलेला असतो. त्याला घरटं-पिल्लांची फिकीर नसते. लांबून बघितलं तर त्याचं फारसं बिघडत नाही. उन्हाळ्याच्या तोंडापासून श्रावण-भाद्रपदापर्यंत मात्र माळाचे स्वतःचे पक्षी जमिनीवर अंडी घालून बसलेले असतात. धाविक, पखुर्डी, माळटिटवी यांचं घरटं म्हणजे खड्यांमधला एक उथळ खळगा. अंडी खड्यांच्याच रंगाची. तुमचा पाय पडेपर्यंत तुम्हाला दिसत नाहीत. पक्षी उठला आणि अंडी दुपारच्या उन्हात वीस मिनिटं उघडी राहिली, तर ती तुडवलीच पाहिजेत असं नाही, तशीच जातात. म्हणून ‘घरटं सापडलं’ असा मेसेज आला तर जाऊ नका आणि पुढेही पाठवू नका. यात एक कायद्याची गोष्टही आहे, जी बऱ्याच कॅमेरावाल्यांना ठाऊक नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं आलेलं आहे. बंदूक लागत नाही.

माळढोक आणि तणमोर यांच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. पुणे-सोलापूरचा हा सगळा पट्टा एकेकाळी माळढोकाचा. त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आता तिथेही माळढोक दिसला की ती बातमी होते. उघड्या वीजतारांना धडकून हे जड पक्षी मरतात म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही, दिसली तरी एवढं अंग चटकन वळवता येत नाही. अशा पक्ष्याला उठवून उडायला लावणं म्हणजे त्याला तारांकडे ढकलणं. उद्या कुणाला इंदापूर-बारामतीत माळढोक दिसला, तर पहिला फोन वन विभागाला करावा, ग्रुपला नाही. मी तर म्हणेन, ग्रुपला करूच नये. ईबर्डसारख्या नोंदणीच्या संकेतस्थळावरही काही संवेदनशील जातींच्या जागा सार्वजनिक यादीत झाकून ठेवतात, ते उगीच नाही.

आता माझी चूक. इंदापूर तालुक्यातला एक माळ, जानेवारीचा रविवार, आणि असाच मेसेज. आखूड कानांचं घुबड उत्तरेकडून थंडीत येतं आणि दिवसा झाडावर नाही, गवताच्या झुबक्याआड जमिनीवर झोपतं. सकाळी नऊला आम्ही पोचलो तेव्हा पाच गाड्या आधीच उभ्या होत्या. घुबड कुठल्याशा बोरीच्या पलीकडे आहे, एवढंच सगळ्यांना माहीत. आम्ही तिघं वाट सोडून गवतात उतरलो. ते उठलं, शंभर पावलांवर बसलं. आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा उठलं. तिसऱ्यांदा उठलं तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. कावळ्यांनी त्याला पाहिलं आणि ते मागे लागले. वरून एक घार आली. भरदिवसा उघड्या आभाळात ते पिवळ्या डोळ्यांचं पाखरू वळणं घेत, खाली-वर होत, दूर उसाच्या पट्ट्याकडे गेलं. माझ्या कॅमेऱ्यात त्याचा पाठमोरा, हललेला फोटो आहे. पुढच्या आठवड्यात लोक गेले, त्यांना काही दिसलं नाही. त्या दिवशी परतताना एक मेंढपाळ म्हणाला, ‘संध्याकाळी यायचं की. पाचनंतर ते आपलं आपणच या बांधावर येऊन बसतंय.’ तो महिनाभर रोज बघत होता.

तेव्हापासून माझा पहिला नियम असा: माळावर पोचलो की आधी दुर्बीण काढायची नाही, माणूस शोधायचा. वनरक्षक, वाटाड्या, मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर, ज्वारीला पाणी देणारा शेतकरी. ‘राम राम’ करा, बसा, काय शोधताय ते सांगा. पक्ष्याचं पुस्तकातलं नाव सांगून उपयोग नाही. ‘मांजरीसारखं तोंड, पिवळे डोळे, गवतातून उठतंय’ असं सांगितलं की उत्तर मिळतं. कडबनवाडी आणि शिर्सुफळला तर वन विभागाने २०२४ पासून ग्रासलँड सफारी सुरू केली आहे. ऑनलाइन नोंदणी करून, ठरलेल्या वाटेने, गावातलाच गाईड बरोबर घेऊन जायचं. काही जुन्या मंडळींना हे जाचक वाटतं, ‘आम्ही काय पर्यटक आहोत का’ म्हणतात. मला उलट सोयीचं वाटतं. गाईडला काल संध्याकाळी लांडगा कुठे होता, भोवते रात्री कोणत्या गवतात उतरले, हे ठाऊक असतं. आणि दिलेले पैसे माळाशेजारच्या घरात जातात. माळ राखायचं कुणाला तरी कारण हवं ना?

मयूरेश्वरचं थोडं वेगळं. मोरगावच्या गणपतीचं नाव घेतलेलं हे अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झालं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकाऱ्यांसाठी प्रसिद्ध. पाच चौरस किलोमीटर म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या गावाच्या शिवाराएवढं. तिथे दहा गाड्या एकाच पक्ष्याच्या मागे लागल्या तर पक्ष्याला जायला दुसरी जागाच नसते. प्रवेशद्वारावर नोंद करा, शुल्क भरा, वेळ विचारा. गाडीतून उतरू नका. गाडी बंद करून, काच खाली करून बसलात तर चिंकारासुद्धा पाच-दहा मिनिटांत तुम्हाला विसरतो. पाय खाली ठेवला की तो शंभर मीटर लांब. पक्ष्यांचंही तेच. गाडी ही त्यांना ओळखीची वस्तू आहे, दोन पायांवरचा माणूस नाही.

प्रवासाबद्दल एक गोष्ट पक्षीनिरीक्षणाच्या पुस्तकांत सापडणार नाही, पण आपल्या भागात तीच सगळ्यात महत्त्वाची. पाहुण्या पक्ष्यांचा हंगाम आणि कारखान्यांचा गळीत हंगाम एकच असतो. पहाटे पाचला बारामती-इंदापूर रस्त्याला लागलात की काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे या पट्ट्यात धुक्यात समोर काय येईल सांगता येत नाही. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, बाहेर आलेल्या उसाच्या कांड्या तुमच्या काचेच्या उंचीवर. शेजारून बैलगाड्यांची रांग. दुर्मीळ पक्षी अर्धा तास उशिरा दिसला तर दिसला. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्याआधी माळावर पोचून अंधारात गवत तुडवण्यात काही हशील नाही. साडेपाचला निघा, सावकाश जा.

बरोबर काय घ्यायचं ते थोडक्यात. पाणी भरपूर, माळावर टपरी नसते. मातकट रंगाचे कपडे. पायात बूट, चपला अजिबात नकोत, कारण फुरसं आणि घोणस दोन्ही या माळावर आहेत, आणि फुरसं दगडाच्या कपारीत दगडासारखंच दिसतं. बुटात लांब मोजे घाला, पण घरातले चांगले नकोत. कुसळ काय चीज आहे हे एकदा अनुभवायला हवं: गवताचं ते टोकदार बी मोज्याच्या विणीत शिरतं, चालताना पिळे घेत आत-आत जातं आणि घोट्याला असं टोचतं की समोर माळढोक उभा असला तरी माणूस खाली वाकून मोजा चाचपतो.

पक्षी दिसला की थांबा. नवशिक्याचा पाय लगेच पुढे पडतो, जणू पाय आणि डोळे एकाच दोरीला बांधलेले. थांबा आणि पक्ष्याकडे बघा, तोच सांगतो किती जवळ यायचं. खात होता आणि मान वर करून स्थिर झाला, तर तुम्ही हद्दीवर आहात. शेपटी झटकायला लागला, तुमच्याकडे पाठ करून चालू लागला, अंग आकसून खाली बसला, तर हद्द ओलांडली. दोन पावलं मागे या. बऱ्याचदा तो पुन्हा खायला लागतो आणि तुम्हाला पाच मिनिटांत जे मिळालं नसतं ते मागे आल्यावर मिळतं. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका. त्याला वाटतं आपल्या जागेवर दुसरा आला, आणि तो खाणं सोडून भांडायला येतो, तुमच्या फोटोसाठी. ड्रोनचं नाव काढू नका.

माळाला लागूनच शाळू, हरभरा उभा असतो. पक्षी तिकडे उतरला तर आपण सर्रास बांधावरून आत शिरतो, जणू ते सरकारी आवार आहे. मालकाला विचारून जा. नसेल तर बाहेरूनच बघा. पक्षीवाल्यांमुळे पिकाची नासाडी झाली असा एकदा ग्रह झाला, की त्या गावात पुढच्या दहा जणांना पक्षी कुठे आहे हे कुणी सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे. दुर्मीळ पक्ष्यामागच्या या धावाधावीला इंग्लंडात ट्विचिंग म्हणतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये केंटमधल्या लार्कफील्ड गावी अमेरिकेतला सोनेरी पंखांचा वार्ब्लर वाट चुकून आला आणि सुपरमार्केटच्या आवारात दुर्बिणी घेतलेल्यांची हजारोंची गर्दी लोटली. डांबरी आवारात ते निभलं. कडबनवाडीच्या गवतात निभणार नाही.

उजनीवर गोष्ट आणखी निराळी, कारण तिथे पाय नाही, बोट चालते. धरणाचं पाणी उन्हाळ्याकडे उतरत जातं तशी चिखलाची बेटं उघडी पडतात आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उथळ पाण्यात चरतात. भिगवण, डिकसळ, कुंभारगावचे मच्छीमारच आता बोटीतून पक्षी दाखवतात. त्यांना पक्ष्यांची नावं, जागा, सवयी पाठ आहेत. पण गिऱ्हाईकाला नाही म्हणणं त्यांनाही जड जातं. म्हणून ‘जरा उडवा ना, पंखांचा लाल रंग येईल’ असं तुम्ही म्हणू नका. एकदा उडालेला थवा पुन्हा बसतो, पुन्हा कुणीतरी उडवतं, आणि ज्या पाण्यावर ते खायला आलेत तिथे दिवस उडण्यातच जातो. इंजिन लांबच बंद करायला सांगा, बांबूने ढकलत चला. आणि लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसा, मांडीवर ठेवून नाही. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात याच पाण्यात उलटली आणि सहा जण बुडाले. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा फिरू लागला की पक्षी कितीही दुर्मीळ असो, काठावर या.

बहुतेक वेळा पक्षी मिळत नाही, हेही आधीच सांगायला हवं. तुम्ही जाता आणि तो कालच गेलेला असतो. अशा दिवशी मी एक करतो: परत फिरण्याऐवजी तिथेच एका बाजूला बसून तासभर समोर जे आहे ते लिहितो. किती चंडोल, किती गप्पीदास, पखुर्ड्यांची जोडी कोणत्या दिशेने पाण्याला गेली, भोवत्या किती खालून उडतो. कागदोपत्री ‘पडीक’ म्हणून लिहिलेल्या या जमिनीवर काय काय राहतं ते तेव्हाच कळतं. २०२३ मध्ये देशातल्या ९४२ जातींचा आढावा घेणारा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल आला. त्यात १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं म्हटलं आहे, आणि घसरण झालेल्यांत माळरानाचे पक्षी ठळक आहेत. हा आढावा प्रामुख्याने तुमच्या-माझ्यासारख्यांनी ईबर्डवर भरलेल्या याद्यांवरून झाला. त्यात एकेकट्या दुर्मीळ पक्ष्याच्या फोटोपेक्षा महिन्याच्या महिन्याला भरलेली, साध्या पक्ष्यांची कंटाळवाणी यादी जास्त कामाला येते.

आणि खरं तर धावपळीत यश मिळतं ते अशा कंटाळवाण्या याद्या करणाऱ्यालाच. नीरा डाव्या कालव्याच्या कडेला, पिंपळीच्या पाझराच्या ओलीत, आपल्या शिवारातल्या बाभळीवर रोज कोण बसतं हे ज्याला ठाऊक, त्यालाच एक दिवस वेगळा बसलेला चटकन कळतो. मेसेज यायच्या आधी. कधीकधी मेसेज त्याचाच असतो. म्हणून रविवारच्या धावपळीआधी घरापासून दोन किलोमीटरची एखादी जागा धरा आणि तिथे आठवड्याला एकदा जा. ओढा, शेततळं, गायरान, काहीही चालेल.

पक्षी दिसला आणि पुढे कळवायचा असेल तर तारीख, वेळ, साधारण जागा, काय करत होता आणि कितीजणांनी पाहिला एवढं लिहा. नेमका लोकेशन पिन टाकायच्या आधी तिथल्या वनरक्षकाला किंवा गाईडला विचारा. फोटो टाका, पण मागची खूण, विहीर, देऊळ दिसत असेल आणि जागा नाजूक असेल, तर तेवढं कापा. ‘पळा’ लिहू नका.

निघताना गाडीत बसण्याआधी मोजे तिथेच काढा आणि झटका. कुसळं हातानेच उपटावी लागतात, दहा मिनिटं जातात. पण ते बी त्याच माळावर पडू द्या, पिंपळीच्या उसात त्याला काय करायचंय.